स्विच दाबला की कुठेतरी चाक जड होतं

जुन्या सायकलींच्या मागच्या चाकाजवळ एक छोटा डायनॅमो बसवलेला असायचा. अंधार पडला की तो टायरला टेकवायचा. पुढचा दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पेडल जड व्हायचं. चढ नाही, समोरून वारा नाही, डबलसीटही नाही, तरी पायाला ओढ जाणवायची. टायरवर डायनॅमोची चकरी घासते म्हणून असं होतं, असं बहुतेकांना वाटायचं. थोडं त्यामुळे होतंही. पण डायनॅमो तसाच टेकलेला ठेवून दिव्याची वायर काढली, तर पेडल जरा हलकं व्हायचं. घासणं तेच, चकरी तीच. फरक इतकाच, की आता वीज घेणारं कुणी नव्हतं.

डायनॅमो म्हणजे छोटा जनरेटरच. शाळेत जनरेटरची (जनित्राची) व्याख्या पाठ करून घेतात: यांत्रिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारं यंत्र. व्याख्या बरोबर आहे, पण तिच्यातून हा जडपणा कळत नाही. माझ्या मते जनरेटर समजायचा तर तिथूनच सुरुवात करावी. सोसायटीच्या डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) डिझेल, कोयनेचं पाणी, देशाच्या ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी या सगळ्यांचा उलगडा त्या जडपणातून होतो.

आधी मूळ शोध पाहू. तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेडने दाखवलं होतं. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणाऱ्या मायकेल फॅरडेला याचं उत्तर १८३१ मध्ये सापडलं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवून काहीच होत नव्हतं. चुंबक आत सरकताना मोजयंत्राचा काटा हलायचा, बाहेर काढताना उलट्या दिशेने हलायचा, आणि चुंबक थांबला की काटाही शून्यावर यायचा. चुंबकाचं असणं पुरेसं नव्हतं, त्याचं हलणं लागत होतं. त्याच वर्षी फॅरडेने चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग वीज मिळवली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सीने हाताने फिरवायचं यंत्र बनवलं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. जनरेटर इलेक्ट्रॉन तयार करत नाही. ते तांब्याच्या तारेत मुळातच असतात, असंख्य आणि मोकळे. बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यांना ढकलतं, एवढंच. हा ढकलण्याचा जोर म्हणजे व्होल्टेज. चुंबक जितका जोरदार, तारेचे वेढे जितके जास्त आणि फिरण्याचा वेग जितका अधिक, तितकं व्होल्टेज जास्त. सायकल हळू चालली की दिवा मिणमिणायचा आणि उतारावर लख्ख व्हायचा, तो याच कारणाने.

आता जडपणा. वेटोळ्याला दिवा जोडला की त्यातून प्रवाह वाहू लागतो. प्रवाह वाहिला की ते वेटोळं स्वतःच एक चुंबक बनतं, ओरस्टेडने दाखवलं तसंच. हा नवा चुंबक नेहमी मूळ हालचालीच्या आड येतो. चुंबक जवळ येत असेल तर त्याला दूर ढकलतो, लांब जात असेल तर मागे ओढतो. हाइनरिख लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये तो नियम मांडला. जितका जास्त प्रवाह घ्याल तितका विरोध वाढतो, आणि फिरवत राहायला तितकाच जास्त जोर लावावा लागतो.

समजा, विरोधाऐवजी मदत झाली असती तर? एकदा ढकललेलं चाक स्वतःच्याच विजेने आणखी जोरात फिरलं असतं, त्याने आणखी वीज दिली असती आणि फुकटच्या विजेला अंतच राहिला नसता. ‘फ्री एनर्जी’चे व्हिडिओ नेमकं हेच विकतात. मोटर जनरेटरला फिरवते, जनरेटर मोटरला वीज देतो आणि वर दोन बल्बही पेटतात. अशा व्हिडिओंमध्ये टेबलाखाली बॅटरी किंवा वायर लपवलेली असते. खरं यंत्र तसं जोडलं तर काही सेकंदांत थांबेल, कारण बल्ब लागताच जनरेटर जड होतो आणि मोटरला मिळणारी वीज त्याला ओढायला कधीच पुरत नाही. दोन्ही यंत्रं कितीही चांगली असली तरी प्रत्येक फेरीत घर्षणाला आणि तारांच्या गरम होण्याला थोडी ऊर्जा द्यावीच लागते.

जनरेटरच्या पोटात दोन मुख्य भाग असतात: फिरणारा रोटर आणि त्याच्याभोवती स्थिर बसलेला स्टेटर. चित्रांमध्ये बहुतेकदा चुंबक स्थिर आणि वेटोळं फिरतं असं दाखवतात. मोठ्या यंत्रांत उलट असतं, चुंबक फिरतो आणि वीज स्थिर वेटोळ्यातून घेतात. कारण अगदी व्यवहारी आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. या क्षमतेचा संच साधारण २१ हजार व्होल्टला वीज देतो, म्हणजे पूर्ण लोडवर प्रत्येक फेजमधून सोळा हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह. इतका प्रवाह फिरत्या दांड्यावरून कार्बन ब्रशने गोळा करायचा म्हटलं तर ठिणग्यांचा पाऊस पडेल. तो स्थिर तांब्यातून काढणं कितीतरी सोपं. तरीही ते तांबं इतकं तापतं, की अशा संचात स्टेटरच्या पोकळ पट्ट्यांमधून पाणी खेळवतात आणि रोटरभोवती हवेऐवजी हायड्रोजन भरतात. हायड्रोजन हलका असतो, त्याचं घर्षण कमी आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता जास्त.

रोटरवरचा चुंबकही कायमचा लोहचुंबक नसतो. तिथे वेटोळंच असतं आणि त्याला बाहेरून थोडी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज देऊन चुंबक बनवतात. ही वीज कमीजास्त केली की जनरेटरचं व्होल्टेज कमीजास्त होतं. डीजी सेटमधलं एव्हीआर नावाचं उपकरण हेच काम करतं. मग पहिली वीज कुठून येते? यंत्राच्या लोखंडात आधीच्या वापराचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यावर सुरुवात होते. बरेच महिने बंद पडून राहिलेला सेट कधीकधी जोरात फिरतो पण व्होल्टेज देत नाही. तेव्हा मेकॅनिक बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर लावून त्याला ‘जागा’ करतो. बघणाऱ्याला ती जादू वाटते. प्रत्यक्षात त्याने लोखंडाला हरवलेलं चुंबकत्व परत दिलेलं असतं.

चुंबकाचं उत्तर टोक आणि दक्षिण टोक आळीपाळीने वेटोळ्यासमोरून जातं, म्हणून विजेची दिशाही सतत उलटसुलट होते. हीच एसी वीज. स्टेटरमध्ये तीन वेटोळी एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवली की तीन फेज मिळतात. शेतावरचा थ्री फेज पंप आणि पिठाच्या गिरणीची मोटर त्यावर चालते.

म्हणजे मुख्य प्रश्न उरतो तो फिरवायचं कुणी हा. व्यायामाच्या सायकलवर बसलेला धट्टाकट्टा माणूस फार वेळ टिकवून साधारण शंभर वॅट देऊ शकतो. त्याने दहा तास न थांबता पेडल मारलं तर एक युनिट होईल. दीड टनाचा एसी ते तासाभरातच संपवतो. विजेच्या बिलावर दिसणारा ‘युनिट’ म्हणजे केवढे श्रम, हे त्यावरून कळतं.

आता पाण्याकडे बघा. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याशी आणतात आणि तिथून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडतात. डोंगराच्या पोटातलं हे वीजगृह १९६२ पासून चालू आहे. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा फवारा पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतो आणि त्याच दांड्यावरचा रोटर फिरतो. गणित सोपं आहे. गच्चीवरच्या एका मोठ्या टाकीत मावेल इतकं, हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आलं, की एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. पेडल मारणाऱ्या माणसाचा सबंध दिवस म्हणजे एक टाकी पाणी. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात जातं, तिसऱ्या टप्प्यात पुन्हा चाकं फिरवतं आणि मग वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पण पाणी पूर्वेकडच्या कृष्णा खोऱ्याचं आणि सोडायचं पश्चिमेला, म्हणून कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. साहजिकच हे पाणी दिवसभर सारखं वापरत नाहीत. मागणी चढते तेव्हासाठी राखून ठेवतात.

त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी बोरघाटाखाली खोपोलीला उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली होती. सह्याद्रीचा कडा वाटेत अडथळा म्हणून उभा होता, तोच कामाला आला.

बाकीच्यांचं थोडक्यात. चंद्रपूर, कोराडी, परळी इथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफ टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवते. तारापूरला १९६९ पासून तीच वाफ युरेनियमच्या उष्णतेने होते. साखर कारखान्यात गाळप हंगामात बगॅस (उसाचा चोथा) जाळून होते आणि कारखान्याला पुरून उरलेली वीज ग्रिडला विकली जाते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर वारा पाती फिरवतो. इंधनं वेगळी, पण शेवटी दांडा फिरवणं आलंच. कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा वाया जाते, पण तिचा दोष जनरेटरला देऊ नका. ती धुराड्यात आणि वाफ थंड करताना जाते. मोठा जनरेटर स्वतः मिळालेल्या ऊर्जेतली शेकड्याला एक-दोनच गमावतो. या सगळ्यांत सोलर पॅनेल वेगळं, तिथे काहीच फिरत नाही.

हेच यंत्र उलटंही चालतं. वीज दिली की मोटर, फिरवलं की जनरेटर. घाटघरच्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात वीज शिल्लक असते तेव्हा तेच संच खालचं पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडून वीज परत देतात. जेवढी घेतात त्याहून कमीच परत मिळते, तरीही परवडतं, कारण संध्याकाळच्या युनिटची किंमत वेगळी असते.

आपल्याकडच्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. रोटरवर एक उत्तर आणि एक दक्षिण टोक असेल तर एका फेरीत एक आवर्तन होतं. म्हणून असा जनरेटर सेकंदाला ५०, मिनिटाला ३००० फेऱ्या फिरायला हवा. वाफेच्या टर्बाइनला तो वेग सोयीचा पडतो. पाण्याचं चाक इतकं जोरात फिरवता येत नाही, म्हणून तिथे टोकांची संख्या वाढवतात. १६ टोकं असतील तर मिनिटाला ३७५ फेऱ्या पुरतात. डिझेलच्या सेटला सहसा चार टोकं आणि १५०० फेऱ्या असतात.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून देशभरच्या ग्रिडला जोडलेले मोठे जनरेटर एकाच तालात फिरतात. पालखीच्या भोयांसारखं आहे हे. सगळ्यांच्या खांद्यावर एकच वजन आणि सगळ्यांची पावलं एकाच ठेक्यात. कुणी एकटा पुढे पळू शकत नाही, आणि एकाने खांदा काढला तर त्याचा भार त्याच क्षणी बाकीच्यांवर येतो.

संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागतात तेव्हा काय होतं? वाढीव वीज कुठे साठवलेली नसते. सगळे रोटर एकदम जड होतात आणि किंचित मंदावतात. सुरुवातीच्या काही क्षणांची ती वीज अक्षरशः त्यांच्या फिरण्याच्या वेगातून निघते. फ्रिक्वेन्सी ५० वरून जराशी खाली येते. ते पाहून टर्बाइनवरचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, वाफेचा किंवा पाण्याचा झडप-दरवाजा आणखी उघडतो. मागणी घटली की उलट होतं. राज्यात ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात बसलेली मंडळी चोवीस तास याच आकड्यावर नजर ठेवून असतात. ४९.९० ते ५०.०५ हा आपला ठरवून दिलेला पट्टा आहे.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं विजेचे दिवे मालवून पणत्या लावायचं आवाहन होतं. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली आणि लगेच परत चढली. वाफेचा बॉयलर इतक्या झटपट आवरता येत नाही. म्हणून आधी जलविद्युत केंद्रं भरपूर चालवून ठेवली, नऊच्या सुमाराला ती भराभर खाली आणली आणि नंतर पुन्हा चढवली. त्या वेळात फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. लोक बाल्कनीत दिवे लावत होते तेव्हा पाणचक्क्यांच्या दरवाजांवर बसलेल्यांची खरी परीक्षा चालू होती.

सोलर वाढल्यावर अभियंत्यांना काळजी वाटते ती याचीच. पॅनेल वीज देतं, पण फिरतं वजन देत नाही. मंदावायला काहीच नसल्यामुळे धक्का सोसायला बाकीचे रोटर कमी पडतात.

आता घराजवळचा जनरेटर. सोसायटीच्या कोपऱ्यातला हिरवा किंवा निळा डबा म्हणजे डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर, म्हणजे एसी वीज देणारा जनरेटर. लिफ्ट सुरू झाली की त्याचा आवाज बदलतो, तो याच जडपणामुळे. मोटर सुरू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, इंजिन दबतं, दिवे मंद होतात, गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि आवाज पुन्हा स्थिर होतो. म्हणून सेट निवडताना नुसती वॅटची बेरीज चालत नाही. सर्वात मोठी मोटर कोणती आणि ती कशी सुरू होते, हे आधी बघावं लागतं. पाटीवरचा १२५ केव्हीए म्हणजेही १२५ किलोवॅट नव्हे. सहसा १०० किलोवॅट धरायचे.

‘घेऊ या मोठाच’ हा सल्लाही तितकाच चुकीचा. मोठा सेट दोन-चार दिव्यांवर चालवत ठेवला तर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमध्ये तेलकट काजळी साठते. खर्चाचं बोलायचं तर एक लिटर डिझेलमधून चांगल्या लोडवर तीन-साडेतीन युनिट मिळतात. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी नुसत्या इंधनाचेच युनिटला पंचवीस-तीस रुपये झाले. लग्नाच्या कार्यालयात जनरेटरचं भाडं वेगळं आणि डिझेल वेगळं का लावतात, ते यावरून कळेल.

दवाखान्यात हिशेब वेगळा असतो. वीज गेल्यापासून सेट सुरू होऊन लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, म्हणून व्हेंटिलेटरसाठी मध्ये बॅटरीचा यूपीएस असतोच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा कोविडचे रुग्ण सांभाळणाऱ्या दवाखान्यांना याच व्यवस्थेने तारलं.

न दिसणारे जनरेटर याहून जास्त. मोटारसायकलच्या मॅग्नेटोत कॉइलभोवती चुंबक फिरतो. कारमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर अल्टरनेटर असतो आणि त्याची एसी वीज डायोडमधून डीसी होऊन बॅटरीत जाते. साध्या रेल्वेडब्याखाली चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर असतो. पंखे, दिवे आणि ११० व्होल्टची बॅटरी त्यावर चालतात. गाडी फार वेळ आडबाजूला उभी राहिली तर बॅटरी चार्ज होत नाही आणि दिवे पिवळे पडत जातात. डिझेलचं रेल्वेइंजिन म्हणजेही चाकांवरचं वीजघरच. आतलं डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि चाकं विजेच्या मोटरवर चालतात.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. छोटा पेट्रोल जनरेटर बंद खोलीत, दुकानाच्या शटरमागे किंवा तळघरात चालवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोप आल्यासारखं वाटतं तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट जोडणीची. काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून जनरेटरची वीज थेट घरातल्या प्लगमध्ये देतात. मेन स्विच चालू राहिला तर ही वीज उलटी बाहेर जाते, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. खांबावर चढलेल्या लाइनमनला वाटतं लाइन बंद आहे. चेंजओव्हर स्विच लावला की एका वेळी महावितरण किंवा जनरेटर, दोघांपैकी एकच घराला जोडलेला राहतो. ‘आमचा जनरेटर एवढुसा, तो काय लाइन चालवणार’ असं यावर ऐकायला मिळतं. एरवी ते खरंही असतं. सगळ्या आळीचा लोड अंगावर आला की तो धापा टाकत बंद पडतो. पण वादळात तार तुटून त्या तुकड्यावर मोजकीच घरं उरलेली असतात तेव्हा लोड कमी असतो, जनरेटर आरामात चालत राहतो आणि तार जिवंत राहते. लाइनमन नेमका तिथेच दुरुस्तीला आलेला असतो.